आठव्या आळीची हाक

एसटी स्टँडवरून बंदराकडे निघालात की बर्फाच्या कारखान्यापुढे डाव्या हाताला एक मोकळी जागा लागते. तिवरबंदरात आज पाय ठेवायला जागा नाही. चार मजली इमारती एकमेकींना टेकून उभ्या आहेत. गच्च्यांवर पत्रे, पत्र्यांखाली टाक्या. आणि भर शहरात, बाजारपेठेला लागून, ही साडेचार एकरांची खळगी तशीच पडून आहे. उन्हाळ्यात तिथे बायका सुकट वाळवतात. पावसाळ्यात पाणी असतं. कुंपण नाही, पाटी नाही. घर तर नाहीच. लोक तिला नुसतं ‘आठवी’ म्हणतात.

खळगीच्या शहराकडच्या कडेला बांध आहे. बांधात लोखंडी दार आहे. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीशेजारी कमरेएवढा काळा दगड आहे. त्यावर हात ठेवून बघा. पाचही बोटं खड्ड्यांत बरोबर बसतात. तो दगड कुणी कोरलेला नाही. हात ठेवून ठेवून झिजला आहे.

येणारे विचारतात, एवढी जागा रिकामी का ठेवली? मी एकदाच सांगतो. मधे बोलू नका.

फार पूर्वी इथे शहर नव्हतं. सात आळ्यांचं गाव होतं. समोर खाडीचं तोंड, मागे देवीची टेकडी. खाडीच्या बाजूने दगडमातीचा मोठा बांध होता, म्हणून भरती गावात शिरत नव्हती. पण बांध समुद्राला अडवतो तसा पावसालाही अडवतो. भरती वर असली की गावातलं पाणी बाहेर जात नाही. त्याला आत कुठे तरी थांबावं लागतं. ते या खळगीत थांबत असे. तेव्हा उघाडीला लोखंडी दार नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. उघाडीवाला त्या काढायचा, गावातलं पाणी खळगीत उतरायचं, आणि ओहोटी लागली की खळगीच्या पलीकडच्या मोरीतून खाडीत जायचं. एवढीच रीत. कुणी शिकवलेली नाही. पाण्याने दाखवलेली.

खळगीच्या चिखलात बायका निवट्या नि खेकडे धरायला उतरत. म्हणून फळ्या काढण्याआधी उघाडीवाला बांधावर उभा राहून एकेका आळीला हाक मारायचा. “पहिली आळी?” त्या आळीची एक ठरलेली बाई असायची. आपल्या आळीच्या सगळ्या बायका वर आल्या की ती ओरडायची, “आली!” सातही आळ्या आल्या की फळ्या निघत.

त्या काळी उघाडी हाशा पागीकडे होती. उंच, हडकुळा माणूस. बोलायचा कमी, पण हाक अशी की टेकडीवरून परत यायची. बायका त्याची चेष्टा करायच्या, असं सांगतात.

“सातवी आळी?” तो विचारायचा.

“आली रं बाबा! पन तुझी सासू चिखलात रुतली, ती तेवडी काड!”

“ऱ्हाऊ दे,” हाशा म्हणायचा. “खेकडेच दमतील.”

मग गाव वाढलं. माणसं जास्त, जागा तेवढीच. पंच बसले. म्हणाले, मधोमध एवढी खळगी चिखलाला कशाला सोडायची? मोरी बुजवली. तळाला वीतभर माती टाकली. बांधाची डागडुजी करणाऱ्या एकतीस घरांना तिथे जागा दिल्या. ती आठवी आळी. पाणी आता कुठे जाईल, हे पंचांत कुणी विचारलं नाही. विचारायचं काम पाटलाचं होतं. पाटील चाहू. त्यानेही विचारलं नाही.

हाशालाही त्याच आळीत घर मिळालं. उघाडीवाल्याला उघाडीजवळ घर, याचा त्याला आनंद झाला म्हणे. तो, त्याची बायको पोशी आणि आई. दोन मुलं पुढे तिथेच झाली.

उघाडी त्यानंतर उघडली गेली नाही. एकोणीस वर्षं. पावसाचं पाणी सात आळ्यांतच साचायचं, चार दिवस राहायचं, कसंबसं जायचं. लोकांनी उंबरे वाढवले. दरवर्षी एक वीत. ज्याचा उंबरा उंच तो शहाणा, असं झालं. पण उधाणाची हाक मात्र मोडली नाही. दार उघडायचं नव्हतं, खळगीत चिखल नव्हता, बायका उतरत नव्हत्या. तरी दर अवसेला आणि पुनवेला भर दुपारी हाशा बांधावर जायचा आणि हाक द्यायचा. बायका दारात बसून, तांदूळ निवडता निवडता, न बघता उत्तर द्यायच्या. आता आठ आळ्या होत्या. आठवीचं उत्तर पोशी द्यायची. चुलीपुढून, मान न वळवता.

“आठवी आळी?”

“आली! तू कवा येतंस? भात निवला.”

लोक हसायचे. हाकेचं असं खेळणं झालं होतं. आमच्या माणसांची चूक इथे आहे. पाणी आलं यात चूक नाही. पाणी येणारच.

ते आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला आलं. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी वारा फिरला आणि खाडीचं पाणी ओहोटीलाही उतरलं नाही. हाशाच्या बापाच्या बापाने असं बघितलं होतं म्हणे, त्यानंतर कुणी नाही. भरती दुपारची. दुपार व्हायच्या आधीच सात आळ्यांत कमरेएवढं पाणी होतं आणि त्याला ओढ होती. माणसं माळ्यांवर चढली. टेकडी मागे होती, पण तिथवर जायची वाट आठव्या आळीतून. मधे वाहतं पाणी. सात आळ्यांतून कुणी निघू शकत नव्हतं.

आठवी आळी कोरडी होती. हे ऐकून पाहुण्यांना नवल वाटतं. ती खाली होती, पण बांधाने वेढलेली होती. तिथे फक्त वरून पडलेला पाऊस होता, घोट्याएवढा.

चाहू पाटील पोहत उघाडीपर्यंत आला. हाशा तिथे होताच. दोघांनी बाहेरचा मोठा बांध पाहिला. आतून पाणी, बाहेरून समुद्र. मधे माती भिजून ढेपळायला लागली होती. एका ठिकाणी बैलगाडीएवढा तुकडा खाली बसला.

“हाशा, खांड पडनार,” पाटील म्हणाला. “घटका, दीड घटका.”

बांधाला खांड पडली की समुद्र आत. सात आळ्या, माळ्यांसकट. पाटलाची आई आणि दोन सुना पहिल्या आळीत माळ्यावर होत्या. हाशाची मुलं तिसऱ्या आळीत होती. अवसेला आजोळी दिवे बघायला गेली होती. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा चारचा.

“आठवीत पानी सोडावं लागंल,” पाटील म्हणाला.

हाशा वळून आपल्या आळीत उतरला आणि दारोदार ओरडत गेला. टेकडीवर चला. काही घेऊ नका. एकतीस घरं. माणसं निघाली. कुणी शेळी घेतली, कुणी तांदळाची गोण, शिव्या खाऊन खाली टाकली. पोशी आळीची उत्तर देणारी बाई. हाशा तिला म्हणाला, “सगली वर गेली का बग, मंग मी हाक देतो. तू सांगितल्याबिगर फळी हलनार नाय.”

एवढं बोलून तो बांधावर परतला. नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं हेच, असं सांगतात.

पोशीने टेकडीच्या पायरीवर उभं राहून माणसं मोजली. एक कमी. तिची सासू. म्हातारीचे पाय दोन वर्षांपासून गेलेले होते. शेजारच्या दोघा भावांनी तिला उचलायचं होतं. थोरल्याला वाटलं धाकट्याने घेतली. धाकट्याला वाटलं थोरल्याने. दोघंही वर, दोघांचे हात रिकामे.

पोशी उतरली. टेकडीवरच्या माणसांनी तिला घरात शिरताना पाहिलं. मग घराची मागची भिंत बसताना पाहिली. मातीची भिंत, तीन दिवस भिजलेली. आढं एका बाजूने खाली आलं. दोघं भाऊ धावत उतरायला लागले, पण पायऱ्यांवरून पाण्याचा लोट येत होता. धाकटा घसरला, त्याचा पाय मोडला. सगळे मिळून बांधाकडे ओरडले. वारा समुद्राकडून होता. त्यांचं ओरडणं टेकडीकडेच परत आलं.

बांधावर हाशाने हाक दिली. या वेळी सात आळ्या पुकारायचं कारण नव्हतं. एकच.

“आठवी आळी?”

उत्तर नाही.

बाहेरच्या बांधाचा आणखी एक तुकडा बसला. तिसऱ्या आळीतून कुणाचं तरी मूल रडत होतं. कुणाचं, ते कळत नव्हतं.

“आठवी आळी?”

उत्तर नाही. पाटलाने पहिल्या फळीच्या कडीत दोर घातला.

“आठवी आळी?”

“आली!”

आवाज पोशीचा. स्पष्ट. दम लागलेला नाही, रडं नाही. दर वेळी चुलीपुढून यायचा तसा. आणि तो टेकडीवरून आला नाही. खालून आला.

चाहू पाटील म्हणाला, “हाशा, आवाज खालून वाटतो.”

हाशा समोर पाहत होता. तिसऱ्या आळीकडे. म्हणाला, “वारा हाय. वारा आवाज फिरवतो.”

पाटील पुन्हा बोलला नाही.

दोघांनी दोर ओढला. पाच फळ्या होत्या, सागाच्या, एकोणीस वर्षं फुगलेल्या. पहिली निघायला वेळ लागला. पाचवी पाण्यानेच फेकली. सात आळ्यांचं पाणी एकदम खळगीत पडलं. तो आवाज पलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणे. घडीभरात आठव्या आळीची कौलं दिसेनाशी झाली. सात आळ्यांतलं पाणी कमरेवरून मांडीला आलं, मांडीवरून गुडघ्याला. बाहेरचा बांध टिकला. संध्याकाळी भरती उतरली. सात आळ्यांत एकही माणूस गेलं नाही.

चार दिवसांनी खळगीतलं पाणी उतरलं. घर होतं तिथे दोघी सापडल्या. म्हातारीच्या पायांवर आढं पडलेलं. पोशीच्या अंगावर काही पडलेलं नव्हतं. तिला बाहेर पडता आलं असतं. तिचे दोन्ही हात आढ्याखाली होते. उचलायला लावलेले.

मग पुनव आली. गावाला वाटलं, या वेळी हाशा येणार नाही. तो आला. भर दुपारी, कडक उन्हात, बांधावर उभा राहिला. खळगी भरतीने पुन्हा भरली होती. बुजवलेली मोरी पाण्याने फोडली होती. त्याने पहिल्या आळीपासून हाक दिली. सात आळ्या आल्या. कुणी हसलं नाही. त्या दिवशी बायका उभ्या राहून उत्तर देत होत्या.

हाशा थांबला. तिथेच थांबायला हवं होतं. पण सवयीने असेल, की आणखी कशाने, त्याने आठवी हाक दिली.

खळगीतल्या पाण्यातून उत्तर आलं.

“आली!”

एकट्या हाशाने ऐकलं असतं तर दुःखाने वेडा झाला म्हणून सोडून देता आलं असतं. सातही आळ्यांनी ऐकलं. बायकांनी दारं लावली. हाशा छातीएवढ्या पाण्यात उतरला आणि ओहोटी लागेपर्यंत तसाच उभा राहिला. त्याची मुलगी बांधावर बसून होती. तिला घरी न्यायला कुणाला धीर झाला नाही.

पुढच्या अवसेलाही तेच. त्याच्या पुढच्या पुनवेलाही. तेव्हा गाव देवळात जमलं. भगत म्हणाला, बळी द्या. कोंबडा म्हणाला, मग बोकड म्हणाला. हाशा उठला आणि म्हणाला, “दोन दिले ते पुरे झाले नाय का?” भगत खाली बसला.

मग चाहू पाटील उठला. आमच्या घरात त्याचे शब्द पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे सांगतात. म्हणाला, “मला आवाज खालून आला व्हता. मी एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोललो नाय. माळ्यावर माझी मानसं व्हती.”

हाशा म्हणाला, “मलाबी खालूनच आला व्हता.”

टेकडीवरून ओरडलेली माणसंही तिथे होती. दोघा भावांतला धाकटा दाराशी कुबडीवर उभा होता. तो बाहेर गेला.

त्या दिवशी जे ठरलं ते आजवर चालत आलं आहे. लांबून दिलेलं उत्तर धरायचं नाही. ज्या आळीचं उत्तर, त्या आळीच्या माणसाने उघाडीपाशी यायचं, दगडावर हात ठेवायचा, तोंड दाखवायचं, मग बोलायचं. खळगीत चूल पेटवायची नाही. ती जागा पाण्याची. आठवी हाक मात्र द्यायची. आणि ती दिल्यावर पाटलाच्या घरातला एक माणूस उघाडीपाशी उभा असेल. त्याने काय ऐकलं ते मोठ्याने सांगायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो बोलल्याशिवाय दार हलणार नाही. हे शेवटचं चाहू पाटलाने स्वतः मागून घेतलं. त्याला कुणी शिक्षा दिली नव्हती.

हाशा त्यानंतर बावीस वर्षं जगला. दुसरं लग्न केलं नाही. कुणी हाक मारली की लगेच ओ देत नसे. आधी हाक मारणाऱ्याच्या समोर येऊन उभा राहायचा, मग “काय?” विचारायचा. मुलांनाही त्याने तीच सवय लावली. पागी लोक आजही तसेच आहेत. बाहेरच्यांना ते उद्धट वाटतात.

उत्तर यायचं बंद कधी झालं, यावर एकमत नाही. कोणी म्हणतात, दगडावर पहिला हात पडला त्या अवसेला. कोणी म्हणतात, हाशा गेला तेव्हा. कोणी म्हणतात, बंद झालंच नाही.

चाहू पाटील माझ्या पणज्याचा आजा. मी एकेचाळीस वर्षं त्या दगडाशेजारी उभा राहतो आहे. हाशाच्या वंशातला यशवंत पागी हाक देतो. पूर्वीच्या सात आळ्यांचे आता सात प्रभाग झाले. प्रत्येक प्रभागातून एक जण येतो, हात ठेवतो, तोंड दाखवतो. कोण माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, कोणाची आजी तळमजल्यावर आहे, तिला कुणी वर नेलं, हे नावानिशी सांगतो. नेणाऱ्याचं नावही सांगतो. ‘दुसऱ्याने नेली असेल’ हे उत्तर चालत नाही. मग यशवंत आठवी हाक देतो. मी ऐकतो आणि म्हणतो, “आवाज नाही.” मग दार उघडतं.

एकेचाळीस वर्षांत मी ‘आवाज नाही’ सोडून दुसरं काही एकदाच बोललो.

बारा वर्षांपूर्वी एकाने ही जागा मिळवली. कागद कुठून आले ते विचारू नका. भराव सुरू झाला. कोपऱ्यात सिमेंटचे मोठे पाइप येऊन पडले. त्याच ज्येष्ठात वादळ आलं. अवस होती. बाजारपेठेत पाणी गुडघ्याच्या वर गेलं. पोलीस आले, नगरपालिकेचा तरुण इंजिनिअर आला. सातही प्रभाग आले, हात ठेवून गेले. यशवंतने आठवी हाक दिली.

इंजिनिअर म्हणाला, “काका, तिकडे कोणी राहत नाही. मी सकाळी स्वतः बघून आलो. रीत नंतर करू. आधी दार उघडा, दवाखान्यात पाणी शिरतंय.”

मी म्हणालो, “आवाज खालून आहे.”

“वारा आहे हो, काका.”

ते दोन शब्द त्याने कुठे ऐकले नव्हते. तो इथला नव्हता. मी दगड धरला आणि दुसऱ्यांदा म्हणालो, मोठ्याने, “आवाज खालून आहे. दार हलवायचं नाही.”

यशवंतने दाराच्या चाकावरचा हात काढला. इंजिनिअर मला नको ते बोलला. मी ऐकून घेतलं. दोन पोलीस दोर बांधून खळगीत उतरले. सगळ्यात लांबच्या पाइपात भरावाच्या कामावरचे दोन मजूर होते. नवरा-बायको. पाऊस चुकवायला आत शिरलेले, पाइपाच्या तोंडाला ताडपत्री बांधून गाढ झोपलेले. त्यांना वर काढलं. मग दार उघडलं. दवाखान्यात पाणी आलं ते घोट्याएवढं. कुणी गेलं नाही.

मी त्या बाईला विचारलं, “तू हाक मारलीस का?”

ती म्हणाली, “नाही बाबा. आम्ही झोपलो होतो.”

इंजिनिअर बाजूला उभा होता. त्याने ते ऐकलं. भराव त्या वर्षी थांबला तो थांबलाच. नंतर त्याची बदली झाली. दर ज्येष्ठात त्याचा फोन येतो. विचारतो, “काका, उभे राहता ना?” मी म्हणतो, “राहतो.” फोन ठेवतो.

आता बाहेरगावचे अधिकारी वह्या घेऊन येतात. तिवरबंदरात वादळात माणसं का जात नाहीत, ते लिहून नेतात. खळगीचं माप घेतात, दाराचा फोटो काढतात. आठव्या हाकेचं लिहीत नाहीत. त्यांची मर्जी.

आजही दर अवसेला आणि पुनवेला, भर दुपारी, पाऊस असो नसो, बाजारपेठ घटकाभर थांबते. वजनकाटे थांबतात. रिक्षावाले इंजिन बंद करतात. सात हात दगडावर पडतात. मग आठवी हाक जाते आणि सगळं शहर खळगीकडे कान लावतं.

येत्या गुरुवारी अवस आहे. राहिलात तर बांधावर या. चपला खाली काढा. हाक गेली की हलू नका. आणि माझे कान आता पूर्वीचे नाहीत, म्हणून एक सांगून ठेवतो. खालून काही ऐकू आलं, तर आम्ही पाहुणे, आम्ही कशाला बोलावं, असं म्हणू नका. बोला. मी वळलो नाही, तर दुसऱ्यांदा बोला.